ज्या कामाचं नाव घरात घेत नाहीत, ते रेझ्युमेत कसं लिहायचं?

देशी दारूच्या दुकानात गल्ला सांभाळत बी.कॉम. झालेल्या मुलाच्या रेझ्युमेत ती वर्षं सहसा नसतात. चौफुल्याच्या किंवा मोडनिंबच्या लावणीच्या कला केंद्रात नाचून धाकट्या भावाची फी भरणारी मुलगी एम.ए.च्या अर्जात अनुभवाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहून मोकळी होते. कंत्राटदाराकडे कचऱ्याच्या गाडीवर राबलेला तिसरा कुणी ‘सोशल वर्क’ असे दोन गोलमोल शब्द टाकतो. तिघांनीही पैशाचा हिशेब ठेवलाय, माणसं हाताळलीत, घड्याळ न बघता कामं केलीत. प्रवेश समितीपुढे मात्र जातो एक कोरा पदवीधर. त्याने एवढी वर्षं काय केलं, हे कुणालाच कळत नाही.

पूर्वी याने फारसं बिघडत नसे, कारण मार्कशीट पुरायची. आता परदेशी विद्यापीठं, व्यवस्थापनाचे आणि समाजकार्याचे अभ्यासक्रम, बऱ्याच शिष्यवृत्त्या रेझ्युमे किंवा सीव्ही मागतात. पीएच.डी.साठी विद्यापीठ स्वतःची प्रवेश परीक्षा घेत असेल, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे ७० टक्के वजन लेखी परीक्षेला आणि ३० टक्के मुलाखतीला असतं. मुलाखतीत समोरच्याच्या हातात तुमचाच कागद असतो आणि प्रश्न त्यावरूनच निघतात.

बदनाम कामाचा अनुभव या कागदावर आणायचा का, आणला तर कोणत्या शब्दांत, हे आता पाहू.

डाग दोन प्रकारचे

लोक नाक मुरडतात ती सगळी कामं एका पोत्यात भरता येत नाहीत. दारू, जुगार, नाच, शरीरविक्रय या कामांवर नीतीचा शिक्का बसलेला असतो. समिती तोंडाने विचारो न विचारो, तिच्या मनात प्रश्न येतो: ‘हे का केलंस?’ गटार, मैला, कचरा, मेलेली जनावरं, शवागार, स्मशान या कामांवरचा शिक्का जातीचा असतो. तिथे ‘का केलंस’ असं कुणी विचारत नाही, कारण उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं प्रत्येकाने गृहीत धरलेलं असतं. कामावरून आडनाव, आडनावावरून वस्ती, वस्तीवरून ‘याचं इंग्रजी जमेल का’ इथपर्यंतचा प्रवास मनातल्या मनात होतो.

पहिल्या प्रकारात तुम्हाला तुमच्या निवडीबद्दलच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं, दुसऱ्यात तुमच्याबद्दल आधीच ठरलेल्या उत्तराला. म्हणून दोन्हींसाठी एकच सल्ला चालत नाही. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले पहिल्या प्रकाराचे आणि तेही परदेशी वाचकांसाठी असतात, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना ते अर्धेच लागू पडतात.

न लिहिणं आणि खोटं लिहिणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. प्रवेशाच्या वाटेवर तीन वेगवेगळे कागद भरावे लागतात आणि तिघांचे नियम वेगळे आहेत.

रेझ्युमे हा तुमचा कागद आहे. त्यात आयुष्यातली प्रत्येक नोकरी यायला हवी असा नियम कुठेही नाही. ‘संबंधित अनुभव’ असं शीर्षक दिलं की वाचणाऱ्यालाही कळतं, ही निवडक यादी आहे. एखादं काम गाळलं म्हणून तुम्ही खोटारडे ठरत नाही. ज्याने बारमध्ये काम केलं आणि आता गणितात एम.एस्सी. करायची आहे, त्याने ते काम लिहिलं नाही तर कुणाची फसवणूक झालेली नाही. खोटं तेव्हा होतं, जेव्हा बारच्या जागी तुम्ही काकांच्या मेडिकल स्टोअरचं नाव टाकता, वेटरचा मॅनेजर करता किंवा दहा महिन्यांची दोन वर्षं करता.

विद्यापीठाचा अर्ज ही वेगळी गोष्ट. तिथे शेवटी ‘वरील माहिती खरी व पूर्ण आहे’ असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली तुमची सही असते. अर्जात ‘आजवरच्या सर्व नोकऱ्या’ असं स्पष्ट विचारलं असेल तर सर्वच द्याव्या लागतात. ‘संबंधित’ विचारलं असेल तर निवड तुमची. म्हणून प्रश्नातलं विशेषण नीट वाचा. खोटी माहिती सापडली तर प्रवेश झाल्यानंतरही तो रद्द होऊ शकतो.

अनुभवाची व्याख्याही प्रत्येक ठिकाणी निराळी असते, आणि ती माहीत नसल्यामुळे मुलं हातचं घालवतात. आयआयएमच्या प्रवेशात साधारणपणे पदवीनंतरची पूर्णवेळ पगारी नोकरीच मोजली जाते. त्यामुळे कॉलेज करत असताना संध्याकाळी केलेलं काउंटरचं काम तिथे गुणांत येत नाही, आणि ते लिहू की नको म्हणून रात्र जागण्याचं कारणही उरत नाही. ब्रिटनच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा अनुभव लागतो, पण त्याचा हिशेब २,८०० तासांचा असतो आणि अर्धवेळ कामही त्यात धरलं जातं. इथे बदनाम कामाचे तास लपवले तर तुम्ही पात्रतेतूनच बाद होऊ शकता. हे नियम बदलत राहतात, तेव्हा ज्या वर्षी अर्ज करताय त्या वर्षीचं पत्रक वाचा.

तिसरा कागद व्हिसाचा. इथे गाळणं-निवडणं चालत नाही. अमेरिकेच्या डीएस-१६० अर्जात आधीच्या नोकऱ्या विचारतात. त्याशिवाय गेल्या दहा वर्षांत वेश्याव्यवसायात होता का, असाही थेट प्रश्न असतो. प्रश्न अपमानास्पद आहे, पण तो आहे, आणि ‘हो’ उत्तराने व्हिसा अडू शकतो. जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होण्याची वेळ येते. ब्रिटनमध्येही फसवणूक सिद्ध झाल्यास दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. ज्यांना हा प्रश्न लागू पडतो, त्यांनी देश निवडण्याआधीच व्हिसाच्या जाणकार वकिलाला विचारावं, एजंटला नव्हे. एजंट ‘नाही’वर टिक करून मोकळा होतो आणि त्याचे परिणाम तुमच्या माथी येतात.

लिहायचं ठरलं तर

पहिला मोह होतो तो नाव सजवण्याचा. ‘एका नामांकित हॉस्पिटॅलिटी समूहात कस्टमर रिलेशन्स एक्झिक्युटिव्ह’ असं वाचलं की अनुभवी प्राध्यापकाची भुवई वर जाते. समूहाचं नाव का नाही? एक्झिक्युटिव्ह म्हणजे नक्की काय? साध्या कामावर घातलेली अशी झूल बदनामीपेक्षा जास्त संशय निर्माण करते. सफाई कामगाराला ‘सॅनिटेशन इंजिनिअर’ करणंही तसंच. इंजिनिअर ही पदवी आहे, आणि तपासणाऱ्याने तपासलं तर तिथे तुमचा खरेपणाच संपतो.

माझं मत असं की पद जसं आहे तसं, साध्या शब्दांत लिहावं आणि सगळी ताकद खालच्या दोन-तीन ओळींत लावावी. लोकांच्या मनात डाग असतो तो दुकानाच्या पाटीवर. तुम्ही आत बसून काय करत होता, हे त्यांना माहीतच नसतं.

देशी दारूच्या दुकानाचंच घ्या. बाहेरून दिसते ती गर्दी आणि वास. आत बसणाऱ्याला रोजचा साठा आणि विक्री नोंदवहीत जुळवावी लागते, कारण राज्य उत्पादन शुल्क विभागाचा निरीक्षक कधीही येऊन बाटल्या मोजू शकतो. महाराष्ट्रातला मद्यविक्रीचा सगळा डोलारा १९४९ च्या दारूबंदी कायद्यावर उभा आहे, म्हणजे बंदीच्या कायद्यातच विक्रीचे परवाने आहेत. त्यामुळे इथे कागदपत्रांची कडक शिस्त लागते. परवाना, त्याचं नूतनीकरण, ड्राय डे, नोकरांचे नोकरनामे (त्यांना तिथे काम करायची विभागाची परवानगी), गिऱ्हाइकाचं वय. आता रेझ्युमेतली नोंद बघा:

‘काउंटर सहायक, परवानाधारक मद्यविक्री दुकान, नाशिक. रोख विक्री व साठा नोंदवहीचा रोजचा ताळमेळ. उत्पादन शुल्क विभागाच्या तपासणीसाठी नोंदी अद्ययावत ठेवणं. वयाची खात्री न पटल्यास किंवा ग्राहक नशेत असल्यास विक्री नाकारणं.’

वाणिज्य, लोकप्रशासन, कायदा, यांपैकी कुठल्याही अभ्यासक्रमाच्या समितीला यात दखल घेण्यासारखं काहीतरी सापडेल. शेवटच्या ओळीत तर एक अख्खा प्रसंग दडलाय: रात्री दहा वाजता तर्र झालेल्या माणसाला ‘नाही मिळणार’ म्हणून सांगणं आणि दुकान फुटू न देणं. व्यवस्थापनाच्या मुलाखतीत संघर्ष कसा हाताळता असं विचारतात, तेव्हा यासाठी वेगळं उदाहरण शोधायला नको.

दुकानाचं नाव द्यायचं तर परवान्यावर किंवा पगाराच्या कागदावर जे आहे ते द्या. बहुतेक बार कागदावर ‘हॉटेल’ किंवा ‘रेस्टॉरंट अँड बार’ असतात आणि गल्लीतल्या लोकांनी पाडलेलं नाव निराळं असतं. कागदावरचं नाव लिहिण्यात लपवाछपवी नाही. आकडे लिहाल तर मुलाखतीत त्यांचा हिशेब देता येईल एवढेच लिहा.

पुरावा ही अशा कामांतली खरी अडचण, कारण पगार रोखीत मिळतो आणि नेमणूकपत्र बापजन्मात कुणी दिलेलं नसतं. तरी काही ना काही निघतं. भविष्य निर्वाह निधीचं पासबुक, ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) क्रमांक, बँकेतल्या जमा रकमा, नोकरनामा, कंत्राटदाराचं ओळखपत्र, हजेरीचं कार्ड. काम सोडताना साध्या कागदावर मालकाकडून तारखा आणि कामाचं स्वरूप लिहून घेता आलं तर सोन्याहून पिवळं. काहीच नसेल तर रेझ्युमेत लिहायला हरकत नाही, पण जिथे प्रमाणपत्र जोडायची सक्ती आहे अशा अर्जात त्या अनुभवावर विसंबू नका.

तेच काम, दुसरं दार

कुठला अनुभव डाग आणि कुठला भांडवल, हे अर्ज कुठे करताय त्यावर ठरतं. संगीत बारीत किंवा ढोलकी फडात, म्हणजे तमाशाच्या दोन प्रकारांत, घालवलेली वर्षं एम.बी.ए.च्या अर्जात अवघड वाटतील. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत किंवा पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात तीच वर्षं पहिल्या ओळीत यायला हवीत. तिथे ‘नृत्यांगना, संगीत बारी’ असं सरळ लिहावं. खाली बैठकीची लावणी किती येते, अदा कुणाकडून शिकलात, ढोलकी-तबला-पेटीवाल्यांसोबत किती काळ काम केलं, पार्टीचा, म्हणजे आपल्या संचाचा, हिशेब कोण बघायचं हे लिहावं. लावणी पुस्तकातून शिकलेल्या उमेदवाराकडे यातलं काहीही नसतं.

गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनो जहाजांवर डीलर (पत्ते वाटून डाव चालवणारे) म्हणून काम केलेल्यांचंही असंच आहे. गोवेकराला २०२० पासून तिथे जुगार खेळायला बंदी आहे, नोकरी करायला नाही. रात्रभर डोक्यावर कॅमेरे असताना झरझर तोंडी हिशेब करणं, पैशाच्या व्यवहारात एकही चूक न करणं आणि हरलेल्या माणसाशी शांतपणे बोलणं हे डीलरचं काम. संख्याशास्त्र किंवा वित्त विषयाच्या अर्जात ते बिनदिक्कत लिहावं. धर्मशास्त्राच्या अर्जाला मात्र मी ते वगळेन.

डान्स बारचा विषय जास्त नाजूक आहे. महाराष्ट्राने २००५ मध्ये बंदी घातली, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा निकाल कायम केला. सरकारने पुन्हा कायदे केले, आणि जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्यातल्या अनेक जाचक अटी काढल्या. या लढाईत बारबालांचा व्यवसाय करण्याचा घटनात्मक हक्क न्यायालयाने मानला. कायदा, स्त्री-अभ्यास किंवा कामगार-अभ्यास यासाठी अर्ज करणाऱ्या मुलीने हा इतिहास माहीत असल्याचं दाखवलं, तर तिचा अनुभव अभ्यासाचा विषय होतो. तरीही लिहायचं की नाही हा निर्णय तिचाच. अर्ज कुणाकुणाच्या हाताखालून जाईल, विभागातला कारकून गावचा निघेल का, हे तिलाच ठाऊक असतं. कागद समितीपाशी थांबत नाहीत, हा आपल्याकडचा अनुभव आहे.

शरीरविक्रय केलेल्यांसाठी थोडं वेगळं. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेसारख्या संघटनांत किंवा एड्स नियंत्रणाच्या प्रकल्पांत अनेकींनी काम केलेलं असतं, आणि त्या कामाला पदनाम असतं: पीअर एज्युकेटर, आउटरीच वर्कर. समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्याच्या अर्जात हा अनुभव वजनदार आहे. कंडोम वाटप, तपासणीसाठी पाठपुरावा, पोलिसांशी बोलणी, बचत गट, प्रशिक्षण हे सगळं लिहिता येतं. एक खाचखळगा मात्र माहीत असू द्या. या क्षेत्रातल्या जाणकाराला ‘पीअर’ (म्हणजे आपल्यातलाच) शब्दावरून कळतं की ही व्यक्ती त्याच समुदायातली आहे. ते कळायला नको असेल आणि तुम्ही पुढे आउटरीच वर्कर झाला असाल, तर तेवढं एक पद लिहा. ते खरं आहे आणि तुमच्यासाठी पुरेसंही.

जेव्हा कामातून जात वाचली जाते

आधी कायद्याचं. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा काम करवून घेणाऱ्याला शिक्षा देतो, करणाऱ्याला नाही. करणाऱ्याला तो पुनर्वसनाचा हक्क देतो. तेव्हा गटारात उतरल्याचा अनुभव लिहिला म्हणजे गुन्हा कबूल केला, अशी भीती बाळगू नका.

दुसरं, रेझ्युमेतून जुन्या बायोडेटाचे अवशेष काढून टाका. वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, जन्मगाव यांतलं काहीही विद्यापीठाला रेझ्युमेत नको असतं. आरक्षणासाठी प्रवर्ग आणि दाखला लागतो तो अर्जाच्या रकान्यात द्यायचा. तो तुमचा हक्क आहे आणि त्याची जागा तिथेच आहे. वडिलांच्या नोकरीच्या जागी ‘सफाई कामगार’ लिहू की ‘सरकारी नोकर’ या विवंचनेत मुलं तासन्‌तास घालवतात. ती ओळच खोडा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. या प्रकारात धोका उपहासापेक्षा कौतुकाचा जास्त असतो. मुंबई महापालिकेत रात्रपाळीत सफाईचं काम करून टाटा समाजविज्ञान संस्थेत एम.फिल.पर्यंत पोहोचलेल्या कामगाराच्या बातम्या आल्या, तेव्हा बहुतेक मथळे ‘जिद्द’ आणि ‘प्रेरणादायी’ या शब्दांपाशी थांबले. त्याच्याकडे शहराच्या कचऱ्याबद्दल आणि कामगारांच्या व्यवस्थेबद्दल काय ज्ञान आहे, हे मथळ्यात येत नाही. प्रवेश समितीही असंच वागू शकते. ती उमेदवाराला संशोधक म्हणून न बघता संशोधनाचा नमुना म्हणून बघू लागते.

रेझ्युमेत यावर उपाय करता येतो. कष्टांचं वर्णन टाळा, ज्ञानाचं लिहा. ‘अत्यंत हलाखीत घाणीत काम केलं’ याऐवजी असं:

‘सफाई कामगार (कंत्राटी), घनकचरा व्यवस्थापन. झोपडपट्टी व हाऊस गल्ली (इमारतींमधले अरुंद बोळ) भागात रात्रपाळी. ओला-सुका कचरा वर्गीकरण प्रत्यक्षात कुठे कोलमडतं याचं रोजचं निरीक्षण. हातमोजे, गमबूट व वेतनचिठ्ठीच्या मागणीसाठी सहकाऱ्यांच्या अर्जांचं लेखन.’

नगररचना किंवा सार्वजनिक आरोग्याच्या प्राध्यापकाला हे वाचून प्रश्न सुचेल: वर्गीकरण कोलमडतं ते घरात, गाडीवर की डम्पिंगवर? मुलाखत तिथून सुरू झाली तर तुम्ही तुमच्या मैदानात आहात. अर्थात हे लिहायचं ते खरोखर पाहिलं असेल तरच.

शवागारात शवविच्छेदनाला मदत करणारे, स्मशानात नोंदी ठेवणारे यांनाही हेच लागू. मृत्यूची नोंद, मृतदेहाची ओळख, पोलिसांशी कागदांची देवाणघेवाण, नातेवाइकांशी बोलणं हे न्यायवैद्यक आणि समुपदेशन या दोन्ही क्षेत्रांचं प्रत्यक्ष शिक्षण आहे.

‘का केलंस?’ या प्रश्नाचं काय

‘का’चं उत्तर रेझ्युमेत कधीच देऊ नका. त्यासाठी उद्देशपत्र असतं, ज्याला सगळे एसओपी म्हणतात. तिथेही दोन वाक्यं पुरतात: परिस्थिती काय होती आणि त्या कामातून कोणता प्रश्न मनात उरला, जो आता तुम्हाला अभ्यासायचा आहे. एसओपी लिहून देणारे क्लासवाले ‘जरा रडू येईल असं लिहा’ म्हणतात. ऐकू नका. दुःख मांडून प्रवेश मिळाला तरी पुढची दोन वर्षं वर्गात तुम्ही त्याच दुःखाने ओळखले जाता.

मुलाखतीत उत्तर छोटं आणि घरी मोठ्याने म्हणून पाहिलेलं असावं. ‘घरात कमावणारी मीच होते. ते काम मिळालं, मी ते नीट केलं. त्यातून स्थलांतरित बायकांच्या कर्जाचा प्रश्न जवळून पाहिला, आणि माझा प्रस्ताव त्यावरच आहे.’ शेवटच्या वाक्याने चेंडू पुन्हा विषयाकडे जातो. तरीही कुणी चवीने खोदत राहिलं, तर ‘सर, कामाबद्दल जरूर सांगते, पण वैयक्तिक भागावर बोलायचं नाही’ असं म्हणण्यात उद्धटपणा नाही. पॅनेलवर सहसा एकजण तरी असा असतो, ज्याला हे ऐकून हायसं वाटतं.

राहिलं शिफारसपत्र. तुम्ही रेझ्युमेतून जे विचारपूर्वक गाळलंत, ते तुमच्या सरांनी भाबड्या कौतुकाने पत्रात लिहिलं, ‘बारमध्ये काम करून शिकलेली ही गुणी विद्यार्थिनी’, तर सगळ्यावर पाणी. उलटही घडतं: तुम्ही अनुभव ठळक मांडता आणि बाई पत्रात ‘घरची जबाबदारी’ म्हणून त्यावर पांघरूण घालतात. दोन्हीही मायेपोटीच झालेलं असतं. म्हणून पत्र मागताना विद्यापीठाला जाणारी रेझ्युमेची तीच प्रत त्यांना द्या, आणि प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर एवढंच सांगा: ‘बाई, यात जे आहे त्याबद्दल हवं तेवढं लिहा. जे नाही, ते कृपया लिहू नका.’